चित्राचा पन्हा : रुंद पडद्याचे जुने कॅमेरे आणि त्यांची जोडसामग्री

(गांधीबाग, नागपूर येथील श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

नागपूरच्या गांधीबागेत रुंद पडद्याच्या चित्रपटाविषयी बोलावयाचे म्हटले, तर प्रारंभ कापडापासून करणेच उचित ठरेल. येथील कापडबाजारात घाऊक माल घेण्यासाठी येणारा व्यापारी पोत पाहतो, रंग पाहतो आणि मग पन्हा विचारतो. पन्हा दुकानात ठरत नाही. तो मागावर ठरतो. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या यंत्रमागांना जो नियम लागू होता, तोच कोष्टी विणकरांच्या हातमागालाही लागू होता. कापड मागावरून उतरले की लांबी हवी तेवढी फाडून देता येते. पन्हा मात्र वाढविता येत नाही.

चित्रपटाच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्रालाही असाच पन्हा असतो आणि तो चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यात ठरतो. कॅमेऱ्याच्या आत बसविलेली धातूची चौकट, पुढे लावलेले भिंग आणि छायालेखक ज्यातून पाहतो त्या काचेवर आखलेल्या रेषा, या तीन वस्तूंवर तो अवलंबून असतो. या वस्तू आकाराने लहान आहेत आणि म्हणूनच त्या सहज हरवतात. त्या हरवल्या म्हणजे फिल्म हाती असूनही दिग्दर्शकाला चित्र किती रुंद अभिप्रेत होते, हे सांगणे कठीण होऊन बसते. जुन्या कॅमेऱ्यांच्या जोडसामग्रीचा विचार केवळ हौशी संग्राहकांवर सोडून देता येत नाही, तो यासाठीच.

पस्तीस मिलिमीटरची चौकट

चित्रपटाच्या पहिल्या काही दशकांत चित्राची चौकट जवळजवळ सर्व जगात सारखीच होती. फिल्मची रुंदी ३५ मिलिमीटर, दोन्ही कडांना छिद्रे, आणि प्रत्येक चित्राला चार छिद्रांची उंची. मूकपटांच्या काळात रुंदी व उंची यांचे प्रमाण चारास तीन असे होते. बोलपट आल्यावर ध्वनिपट्टीसाठी फिल्मवर जागा काढावी लागली आणि १९३२ पासून अमेरिकेत १.३७ हे प्रमाण रूढ झाले. कॅमेऱ्यातील ही चौकट सुमारे २२ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच, म्हणजे टपालाच्या लहान तिकिटाएवढी असते.

महाराष्ट्राचा या यंत्राशी संबंध फार जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला, त्या वेळी केवळ कॅमेरा आणून भागणार नव्हते. कच्ची फिल्म तेव्हा छिद्रे न पाडलेली मिळत असे. त्यामुळे छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि प्रती छापण्याचे यंत्रही त्यांना आणावे लागले. अंधारात बसून फिल्मला छिद्रे पाडण्याचे जिकिरीचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र'मागे हे कष्ट आहेत. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर परदेशी यंत्राची वाट न पाहता येथल्या कारागिरीवर कॅमेरा तयार केला. कोल्हापूरने त्या कॅमेऱ्याचे स्मारक उभारून या कारागिरीचा गौरव केला आहे. जोडसामग्री ही गौण बाब नाही, हा धडा मराठी चित्रपटाने आरंभीच गिरविलेला होता.

रुंदीकडे जाणारे मार्ग

पडदा रुंद करण्याचे प्रयत्न मूकपटांच्या काळातच सुरू झाले होते. फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांनी १९२७ च्या 'नेपोलियन' चित्रपटाचा काही भाग तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करून तीन पडद्यांवर शेजारी शेजारी दाखविला. परंतु या कल्पनेला व्यापारी बळ मिळाले ते १९५० नंतर. अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी पोहोचली, चित्रपटगृहे ओस पडू लागली आणि घरच्या लहान चौकटीत मावणार नाही असे काही दाखविणे निर्मात्यांना भाग पडले.

मागाच्या भाषेत सांगावयाचे तर पन्हा वाढविण्याचे तीन मार्ग होते. तीन पट्टे एकमेकांस जोडणे हा पहिला मार्ग. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये दाखविण्यात आलेल्या सिनेरामाने तो स्वीकारला. सिनेरामाच्या कॅमेऱ्यात तीन भिंगे असून तीन फिल्म एकाच वेळी धावत. पडदा अर्धवर्तुळाकडे झुकणारा असे. परिणाम भव्य होता. परंतु तीन चित्रांचे सांधे डोळ्यांना जाणवत आणि चित्रपटगृहात तीन प्रोजेक्टर एकसमयी चालवावे लागत. हा खर्च मोजक्या शहरांनाच पेलणारा होता.

मागच रुंद करणे हा दुसरा मार्ग. १९५५ च्या 'ओक्लाहोमा!' या चित्रपटासाठी वापरलेल्या टॉड-एओ पद्धतीत कॅमेऱ्यातील फिल्म ६५ मिलिमीटरची आणि चित्रपटगृहातील प्रत ७० मिलिमीटरची असे. वाढलेल्या जागेत सहा चुंबकीय ध्वनिपट्ट्या बसत. या फिल्मवरील चित्राचे क्षेत्रफळ नेहमीच्या चित्राच्या तिपटीहून अधिक असल्याने ते कितीही मोठे केले तरी विरळ दिसत नसे. मात्र कॅमेरा, फिल्म आणि रासायनिक प्रक्रिया या सर्वच गोष्टी महाग होत्या. पॅरामाउंट कंपनीने १९५४ साली आणलेल्या व्हिस्टाव्हिजनमध्ये ३५ मिलिमीटरचीच फिल्म आडवी धावे. चित्र चाराऐवजी आठ छिद्रांचे होई आणि त्याच प्रमाणात फिल्मही दुप्पट लागे.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त होता आणि भारतात तोच रुजला. फिल्म तीच, कॅमेराही तोच. फक्त भिंग वेगळे.

दाबून घेतलेले चित्र

फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियां यांनी १९२० नंतरच्या दशकात एक भिंग तयार केले होते. ते रुंद दृश्य आडव्या दिशेने दाबून निम्मे करी. उंचीला मात्र ते हात लावीत नसे. अशा भिंगांना ॲनामॉर्फिक भिंगे म्हणतात. फिल्मवर माणसे उंच आणि किडकिडीत दिसत. प्रोजेक्टरवर याच्या उलट काम करणारे भिंग लावले की ती पुन्हा मूळ आकारात येत. जाड रजई घडी करून पेटीत ठेवावी आणि वापरताना उलगडावी, तसाच हा प्रकार. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने १९५२ च्या अखेरीस क्रेतियां यांच्या भिंगांचे हक्क मिळविले आणि सप्टेंबर १९५३ मध्ये 'द रोब' हा चित्रपट सिनेमास्कोप या नावाने प्रदर्शित केला. आरंभी त्याचे प्रमाण २.५५ होते, प्रकाशीय ध्वनिपट्टीला जागा दिल्यानंतर ते २.३५ वर स्थिरावले.

ही युक्ती कागदावर सोपी होती. प्रत्यक्ष कामात छायालेखकाला अनेक अडचणींना तोंड द्यावे लागे. आरंभीचे ॲनामॉर्फिक भिंग स्वतंत्र जोडणीच्या स्वरूपात नेहमीच्या भिंगापुढे बसविले जाई. त्यामुळे दोन्ही भिंगांची स्पष्टता वेगवेगळी जुळवावी लागे. नट दोन पावले पुढे आला की साहाय्यकाने दोन्ही कडी अचूक फिरवावयाची, असा प्रकार होता. त्यात पुन्हा चेहरा जवळून घेतला की तो आडवा फुगलेला दिसे. हॉलिवुडच्या लोकांनी या दोषाला गालगुंडाची उपमा दिली होती. अमेरिकेतील पॅनाव्हिजन कंपनीने भिंगांची रचना बदलून हा दोष पुढे दूर केला. जुनी भिंगे प्रकाशाचीही भुकेली होती. चित्र काठापर्यंत रेखीव यावे म्हणून त्यांचे द्वार लहान ठेवावे लागे आणि त्या प्रमाणात दिवे वाढवावे लागत.

भिंगाबरोबर इतरही सामग्री बदलावी लागे. कॅमेऱ्याच्या आतील चौकट वेगळी, दृश्यदर्शकातील काच वेगळी, भिंगावरील वजन पेलणारा आधार वेगळा. त्या काळी स्टुडिओत प्रतिष्ठा पावलेल्या मिचेल कॅमेऱ्याची रचना अशी होती की, जुळवणी करताना कॅमेऱ्याचा देह बाजूला सरकवून भिंगातून पाहता येई. चित्रण चालू असताना मात्र बाजूला लावलेल्या दृश्यदर्शकावरच भिस्त ठेवावी लागे. जर्मनीच्या ॲरीफ्लेक्स कॅमेऱ्याने फिरत्या आरशाच्या साहाय्याने चित्रण चालू असतानाही भिंगातूनच पाहण्याची सोय केली. हा कॅमेरा वजनाने हलका असल्याने तो डोंगरदऱ्यांतून नेता येई. बाह्यचित्रीकरणात त्याला जे स्थान मिळाले, त्याचे कारण हेच.

'कागज के फूल'चा प्रयोग

भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट मुंबईत तयार झाला. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ साली प्रदर्शित झाला. त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती आणि कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर होते. चित्रपटाला तिकीटबारीवर यश लाभले नाही. परंतु छायालेखन आणि कलादिग्दर्शन या दोन्ही विभागांतील फिल्मफेअर पारितोषिके त्याने मिळविली. रुंद चौकटीचा प्रश्न ज्या दोघांना प्रत्यक्ष सोडवावा लागला, त्यांचाच हा सन्मान होता.

रुंद चौकटीत नेपथ्यकाराची जबाबदारी वाढते. जुन्या चौकटीत ज्या भिंती दृष्टीआड राहत, त्या आता दिसू लागतात. दिवे, ध्वनिग्राहक, साहाय्यक या सर्वांना दूर सरकावे लागते. एकच चेहरा चौकटीत घेतला तर त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी रिकामी जागा उरते. बहुतेक निर्मात्यांनी ही जागा घोडदळाने, नर्तिकांनी किंवा देखाव्यांनी भरली. 'कागज के फूल'मध्ये ती रिकामी ठेवण्याचे धैर्य दाखविण्यात आले. यश गमावलेल्या दिग्दर्शकाची ही कथा असल्याने ओसाड स्टुडिओचा विस्तार आणि त्यात एकाकी उभा असलेला माणूस यांचे नाते रुंदीमुळेच प्रेक्षकांच्या मनावर ठसले.

या चित्रपटातील छतावरून तिरप्या उतरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ख्याती आजही कायम आहे. स्टुडिओतील दिव्यांनी तो परिणाम साधेना, तेव्हा मूर्ती यांनी मोठ्या आरशांवर सूर्यप्रकाश घेऊन तो परावर्तित करून आत सोडला. परदेशी भिंगाला जो प्रकाश हवा होता, तो साध्या आरशांनी पुरविला. मूर्ती यांना २००८ या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. फाळक्यांच्या नावाचा हा राष्ट्रीय सन्मान मिळविणारे ते पहिले छायालेखक होत.

ही चौकट बिघडली म्हणजे काय होते, याचा अनुभव पुढे लक्षावधी प्रेक्षकांनी नकळत घेतला. दूरचित्रवाणीचा जुना संच चारास तीन या प्रमाणाचा होता. रुंद चित्रपट त्यावर दाखविताना अनेकदा दोन्ही बाजू कापल्या जात. दोन पात्रांच्या संवादात एक पात्र नाहीसे होई, आणि छायालेखकाने हेतुपुरस्सर राखलेली मोकळी जागा तर प्रथम कात्रीत सापडे. कापड तेच राहिले; पन्हा मात्र निम्म्यावर आला.

चित्रपटगृहाची बाजू

कॅमेऱ्यात दाबलेले चित्र चित्रपटगृहात उलगडले नाही, तर सारा खटाटोप व्यर्थ. चित्रपट व्यवसायात विदर्भाचा प्रदेश जुन्या प्रांताच्या नावावरून 'सी. पी. बेरार' या वितरण विभागात मोडतो. येथे येणाऱ्या सिनेमास्कोप प्रतींसाठी चित्रपटगृहांना प्रोजेक्टरवर लावावयाचे जोडभिंग, प्रोजेक्टरमधील नवी चौकट आणि अधिक रुंद पडदा एवढी तयारी करावी लागे. पडद्याच्या दोन्ही बाजूंचे काळे कापड मागे सरू लागले की आता 'स्कोप' चित्रपट सुरू होणार, हे प्रेक्षक ओळखत.

जत्रा-उरुसांत तंबू ठोकणाऱ्या महाराष्ट्रातील फिरत्या टॉकीजपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. कनातीच्या रुंदीवर पडदा अवलंबून होता आणि जोडभिंग नसेल तर नायक-नायिका बांबूसारखी लांबट दिसत. धुळीत, उन्हात आणि ट्रकच्या हादऱ्यांत ही भिंगे जपणारा ऑपरेटर हा खऱ्या अर्थाने तंत्रज्ञ होता. त्याच्या कौशल्याची नोंद फारशी झालेली नाही.

कॅमेऱ्याने दिलेली साक्ष

जुना कॅमेरा आणि त्यातील काच यांचे मोल किती, हे 'शोले'च्या उदाहरणाने अलीकडेच सिद्ध केले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट ७० मिलिमीटरचा म्हणून गाजला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. प्रत्यक्षात त्याचे चित्रीकरण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर झाले होते, कारण ६५ मिलिमीटरचे कॅमेरे परवडणारे नव्हते. छायालेखक द्वारका दिवेचा यांच्या कॅमेऱ्यातील काचेवर ७० मिलिमीटरच्या चौकटीच्या सीमा आखून घेण्यात आल्या. त्या रेषांच्या आत दृश्य रचावयाचे आणि पुढे तेवढाच भाग मोठा करून २.२ प्रमाणाची प्रत काढावयाची, अशी ही योजना होती. चौकटीच्या वर-खाली जे फिल्मवर उमटले, ते प्रेक्षकांसाठी नव्हते.

जवळजवळ अर्धशतकानंतर मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'शोले'च्या पुनरुद्धाराचे काम हाती घेतले, तेव्हा मूळ निगेटिव्हची मोठी हानी झालेली आढळली आणि ७० मिलिमीटरची जुनी प्रतही हाती नव्हती. लंडन व मुंबई येथे टिकून राहिलेल्या मधल्या प्रतींचा आधार घ्यावा लागला. चित्र मिळाले, पण त्याची वरची व खालची सीमा कोणती? ज्या कॅमेऱ्याने चित्रीकरण झाले, तो कॅमेराही या शोधात सापडला. काचेवरील रेषांची हकीकत आणि प्रत्यक्ष कॅमेरा यांच्या साहाय्याने मूळ चौकटीपर्यंत पोहोचता आले. पुनरुद्धार झालेला 'शोले' जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आला. यंत्र जपले गेले नसते तर भारतातील सर्वांत लोकप्रिय चित्रपटांपैकी एकाच्या चौकटीविषयी तर्कच करीत बसावे लागले असते.

जतनाचे काम

चित्रपटांच्या जतनाची परंपरा महाराष्ट्रात आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली. प्रभात कंपनीच्या जुन्या वास्तूत १९६० पासून चित्रपटविद्येचे शिक्षण दिले जाते. मुंबईत २०१९ साली खुल्या झालेल्या राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयात जुनी यंत्रसामग्रीही मांडलेली आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा ठेवा नष्ट झाला. त्या आघाताने फिल्म जपण्याविषयी जागृती वाढली. यंत्रे आणि त्यांची जोडसामग्री यांच्याविषयी तेवढी जागृती अद्याप व्हावयाची आहे.

डिजिटल प्रक्षेपण आल्यानंतर एकपडदा चित्रपटगृहांतील प्रोजेक्टर निरुपयोगी ठरले. अनेक ठिकाणी ते भंगाराच्या वजनावर गेले आणि त्यांच्याबरोबर जोडभिंगेही गेली. वास्तविक हीच जुनी ॲनामॉर्फिक भिंगे आज जगभर शोधून डिजिटल कॅमेऱ्यांवर लावली जात आहेत. प्रकाशाची आडवी रेघ आणि पार्श्वभूमीतील लंबगोल ठिपके हे त्यांचे विशेष नव्या छायालेखकांना हवेहवेसे वाटतात. भंगारवाल्याला पितळेचे मोल कळते. काचेचे कळत नाही.

ज्यांच्या घरी, दुकानी किंवा बंद पडलेल्या चित्रपटगृहात अशी सामग्री असेल, त्यांना फार खर्च न करताही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. भिंग बंद कातडी पेटीत ठेवू नये. कातडे ओल धरते आणि काचेवर बुरशी धरते. कोरड्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ते ठेवावे आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. विदर्भाची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते, हा लाभच आहे. तथापि पावसाळ्यात दुर्लक्ष होऊ नये. उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली टाळावी. जुन्या भिंगातील काचा ज्या चिकद्रव्याने जोडलेल्या असतात, ते उष्णतेने सुटू लागते. धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. धोतराच्या किंवा रुमालाच्या टोकाने काच पुसू नये. तिच्यावरील पातळ लेप एकदा ओरखडला की पुन्हा येत नाही. कॅमेऱ्यातील चौकट, दृश्यदर्शकाची काच, भिंगाचा आधार आणि पेटीवरील चिठ्ठ्या एकमेकांपासून वेगळ्या करू नयेत. हे यंत्र कोणत्या चित्रपटगृहात होते, कोणत्या काळात वापरले गेले, ते कोण चालवीत असे, एवढी माहिती कागदावर लिहून पेटीत ठेवावी. जुन्या ऑपरेटरांपैकी जे हयात आहेत, त्यांच्याकडून जोडणीची पद्धत समजून घेऊन तीही लिहून ठेवावी. पुढच्या संशोधकाला त्या एका कागदाचा जो उपयोग होईल, तो अनेक ग्रंथांनीही होणार नाही.

गांधीबागेतील पेढीवर कापडाचा तागा उघडला की त्याच्या काठावरून अनुभवी व्यापारी तो कोणत्या मागावरचा आहे, हे ओळखतो. काठ कापून टाकलेल्या तुकड्याविषयी मात्र त्याला तसे सांगता येत नाही. चित्रपटाचा काठ कॅमेऱ्याच्या चौकटीत, भिंगात आणि काचेवरील रेषांत आहे. चित्रपटाच्या रिळांबरोबर हा काठही सुरक्षित राहिला, तर पुढील पिढ्यांना 'कागज के फूल'मधील ती ओसाड रुंदी आणि 'शोले'तील तो विस्तीर्ण माळ त्यांच्या निर्मात्यांनी योजिलेल्या पूर्ण पन्ह्यासह पाहता येईल.